येस्टी गं थांबली

नमस्कार मंडळी. सकाळची वेळ आहे, कुणाचा डबा चाललाय, कुणाची पोळी तव्यावर आहे, तर कान इकडे द्या आणि हात तिकडेच राहू द्या, मला चालतं. उलट आजचा विषयच असा आहे की हात कामात असले तरच तो नीट कळेल. जात्यावरची ओवी.

आता जातं म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. निदान एखाद्या हॉटेलच्या दारात त्याच्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवलेली तरी तुम्ही बघितलीच असेल. (खुंटा काढून टाकतात आणि त्या भोकात प्लास्टिकची फुलं खोचतात, मला ते बघवत नाही खरं सांगतो, पण ते जाऊ दे.) मुद्दा काय, की पहाटे चारला बाई जात्यावर बसायची आणि दळता दळता बोलायची. पलीकडे सासू झोपलेली, ओसरीवर नवरा, आणि हिचे शब्द त्या घरघरीत मिसळून जायचे, म्हणजे बोलून पण झालं आणि ज्यांना ऐकू जायला नको त्यांना गेलं पण नाही. तर ती घरघर लक्षात ठेवा. घरघर होती म्हणून बोलता यायचं. हे मी पुन्हा सांगणार आहे.

काय बोलायच्या? भाऊ दिवाळीला न्यायला आला नाही, लेक लांब दिली, विठ्ठलाला भेटायला सवड नाही. सीतेचा वनवास गाता गाता स्वतःचा कधी सुरू व्हायचा ते त्यांचं त्यांनाच कळत नसेल. माजलगावच्या बायांनी तर बाबासाहेबांवर ओव्या गायल्यात, आणि त्यात नुसती भक्ती नाही, घरातलं माणूस असावं तसा जीव लावलाय. काही ओव्यांत जात्यालाच डोंगरातला ऋषी म्हटलंय, त्याच्यापाशी हुरदं, म्हणजे काळीज, उकलायचं. बघा म्हणजे, ज्ञानेश्वरांनी 1290 साली नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगितल्या, तोच शब्द, आणि तोच ह्या बायांनी पीठ पाडताना वापरला. आणि बहिणाबाई चौधरी तर तुम्हाला पाठच आहेत. जळगावकडच्या, अक्षरओळख नाही, तरुणपणी वैधव्य आलं, आणि शेतात, घरात काम करता करता रचत गेल्या. 1951 ला त्या गेल्या आणि 1952 ला त्यांची गाणी छापून आली. लिहिता येत नव्हतं म्हणून काही अडलं नाही त्यांचं. मला तर कधी कधी वाटतं लिहिता यायला लागलं की माणूस जरा जपूनच बोलतो.

पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ, हे मूळचे फ्रान्सचे, ह्या दोघांनी हजारावर गावांतून एक लाखापेक्षा जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! आज त्यातल्या कितीतरी इंटरनेटवर ऐकायला मिळतात, त्या त्या बाईच्या आवाजात, नावागावासकट. वेळ मिळाला तर ऐका. रील बघण्यातली दहा मिनिटं काढा फक्त.

बरं. आता मला जे सांगायचंय ते सांगतो, ह्यासाठीच आज आलोय.

माझं गाव माण तालुक्यात. सातारा जिल्ह्याचा दुष्काळी भाग. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, म्हणजे 1978-79 ची गोष्ट. गावात गिरणी नव्हती, शेजारच्या गावात होती पण डोक्यावर पाटी घेऊन तीन मैल कोण जाणार, म्हणून रोजचं दळण घरातच. माझी आत्ती, म्हणजे वडलांची धाकटी बहीण, त्याच वर्षी परत माहेरी आली होती. तिचे यजमान, आम्ही मामा म्हणायचो, एस्टीत कंडक्टर होते. कावीळ झाली आणि दहा-बारा दिवसांत माणूस गेला. आत्ती तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. ती आली ती गप्पच झाली. दिवसभरात 'हां', 'न्हाई' आणि 'ठिव तिथं', एवढंच बोलायची. आणि घरातले पण मामांचं नाव घ्यायचे नाहीत, तिला त्रास नको म्हणून. कुणी घेतच नव्हतं.

उन्हाळ्याची सुट्टी, मी सोप्यात झोपायचो. एका पहाटे जाग आली ती घरघरीनं. आणि त्या घरघरीत आवाज. मला आधी कळेचना कोण गातंय, कारण आत्तीचा आवाजच मी महिनाभर ऐकला नव्हता. मी गोधडीत तसाच पडून राहिलो. एक हात खुंट्याला, दुसऱ्या हातानं मूठमूठ बाजरी त्या तोंडात सोडायची, पीठ पाळीच्या कडेनं पडत होतं, आणि ती म्हणत होती,

येस्टी गं थांबली, माळावरच्या फाट्याला
कोन गं उतरंना, डोळं लागलं वाटंला

दोनदा म्हटली, तीनदा म्हटली. मला काय कळतंय? मला आवडली ती एस्टी! आमच्या फाट्यावर दिवसातून एक गाडी थांबायची आणि आम्ही पोरं ती बघायला पळत जायचो. गाण्यात एस्टी म्हटल्यावर मी ते पाठच करून टाकलं.

आणि त्याच दिवशी रात्री जेवायला सगळे बसलेत. तात्या, म्हणजे आजोबा, पाटावर, आज्जी चुलीपुढं, आत्ती वाढतीय, भाकरी, आमटी, बुक्कीनं फोडलेला कांदा. आणि मी काय करावं? उभा राहिलो, हातातला तांब्या चमच्यानं वाजवला टिंग टिंग, कंडक्टरची घंटी म्हणून, आणि मोठ्यांदा सुरू, 'येस्टी गं थांबली, माळावरच्या फाट्याला, कोन गं उतरला...'

सगळं थांबलं. तात्यांचा घास हातात तसाच. आज्जीची भाकरी तव्यावर जळायला लागली, वास आला तरी तिनं उलटली नाही. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. चूक काय केली ते कळत नव्हतं पण केलीय एवढं कळलं होतं.

आत्ती माझ्याकडं बघत होती. आणि म्हणाली, 'उतरंना.'

मी गप्प.

'उतरला न्हवं रं. उतरंना म्हन.'

मी तिचा एक शब्द चुकवला होता मंडळी. मी त्याला गाडीतून उतरवूनच मोकळा झालो होतो. आणि ती मला दुरुस्त करत होती, आमच्या गाण्याच्या बाई करायच्या तशी. मी घाबरत घाबरत म्हटलं, 'कोन गं उतरंना'. तर पुढची ओळ तिनंच म्हटली, सगळ्यांच्या देखत, घरघर नसताना. म्हणून तर मघाशी म्हटलं घरघर लक्षात ठेवा. जात्याशिवाय, आडोशाशिवाय, पहिल्यांदा म्हटली. आणि ओळ संपल्यावर तिला हुंदका आला.

आता आज्जी. आमची आज्जी पदरानं कुणाचे डोळे पुसणाऱ्यातली नव्हती, कडक बाई. तिनं ती जळकी भाकरी तव्यावरनं काढली, चुलीच्या जाळाकडं बघत बघतच तिनं चाल धरली,

येस्टी गेली पुढं, फुफाटा खाली बसू दे
लेकीबाई माझ्या, घास पोटात जाऊ दे

आणि ताट आत्तीपुढं सरकवलं. बस.

आत्ती जेवली त्या रात्री. आणि मग तात्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते एकदम म्हणाले, 'लई खडूस व्हता पर कंडक्टर, सासऱ्याचं बी तिकीट फाडायचा!' आणि आज्जी म्हणाली, 'मग? सरकारी पैका हाय तो, तुमच्या घरचा हाय काय?' आणि आत्ती हसली. रडत होती आणि हसली. त्या घरात मामांचं नाव त्या रात्रीपासून निघायला लागलं. दिवाळीला निघायचं, बैल विकताना निघायचं, तिकिटाचा किस्सा तर मी पन्नासदा ऐकला असेल, आणि दर वेळी तात्या त्यात नवीन काहीतरी घालायचे. शेवटी शेवटी तर मामांनी कलेक्टरचं पण तिकीट फाडलं होतं म्हणे.

आता कुणी म्हणेल एका गाण्यानं काय दुःख जातं होय. नाही जात. मी कुठं म्हटलं जातं? आत्ती त्यानंतर पण कित्येक वर्षं फाट्यावर गाडी थांबली की हातातलं काम सोडून तिकडं बघायची. पण गप्प नाही राहिली ती. पुढं गावात लग्न असलं आणि घाणा भरायचा असला, म्हणजे लग्नाआधी बायांनी गाणी म्हणत हळद दळायचा तो विधी, की पहिलं बोलावणं आत्तीला, नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, सासूची खोड, सगळं जागच्या जागी ओवीत बसवून द्यायची. विधवा बाई पुढं कशाला म्हणून एक-दोघींनी नाकं मुरडली सुरुवातीला. तर नवरीचीच आई म्हणाली, 'तिच्याबिगर घाणा भरायचा न्हाई.' ह्या असल्या बायांचे खरं तर सत्कार व्हायला पाहिजेत, पण आपण शाली कुणाला घालतो ते तुम्ही बघताच. आणि हल्ली हळदीला डीजे. घाणा भरतात पाच मिनिटं, ते पण फोटोग्राफर म्हणतो म्हणून.

आत्ती आता सत्तरीच्या घरात आहे. गुडघे गेलेत, जात्यावर बसवत नाही. आणि ओवी पण सुचेना झाली, म्हणाली, नुसतं बसून सुचतच नाही. मग नातसुनेनं मोबाईल घेऊन दिला, व्हॉट्सॅप शिकवलं, आणि एक दिवस मला व्हॉइस मेसेज आला, उघडतो तर घर्रर्र आवाज. मला वाटलं फोन बिघडला. तर बाईनं मिक्सर लावला होता! शेंगदाण्याची चटणी फिरवायची आणि त्या आवाजात म्हणायचं. म्हणाली, 'आवाज आसला की कसं मोकळं वाटतंय बग.' पहिल्यांदा तर रिकामाच फिरवला होता, नातसून ओरडली मोटर जळेल म्हणून. (तुम्ही पण फिरवू नका.) तेव्हापासून आमच्याकडं चटणीचा तुटवडा नाही.

परवाचा मेसेज. ह्या वेळी ओवी माझ्यावर होती, मी तांब्या वाजवला होता त्यावर. मिक्सर चालू, पहिली ओळ झाली, 'तांब्या गं वाजला, माझ्या राघूच्या हातात', आणि खट्. मिक्सर बंद. थोडा वेळ काहीच नाही, लांब कुठंतरी कोंबडा ओरडतोय, आणि मग आत्तीचा आवाज, 'लाईट गेली रं. आल्यावर फुडचं सांगते.'