फंडाचा पैसा आणि पुढची पंचवीस वर्षे

(निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या कारखाना कामगारांपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आणि आज आवर्जून आलेल्या भगिनींनो,

मी 31 वर्षे एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काम केले. हजेरी, पगारपत्रक आणि फंडाचे, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचे (पीएफचे) अर्ज हे माझे रोजचे काम होते. निवृत्तीचा अर्ज भरायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचे समाधान मी शेकडो वेळा पाहिले आहे, कारण आयुष्यात पहिल्यांदाच एवढी मोठी रक्कम त्याच्या हाती येणार असते. ही रक्कम म्हणजे पुढच्या पंचवीस वर्षांचा पगार आहे आणि तो एकाच दिवशी हातात पडतो, असे मी मानतो. आजचे माझे सारे बोलणे याच एका समजुतीवर उभे आहे.

पंचवीस वर्षे हा आकडा मी फुगवून सांगत नाही. आपण 58 व्या वर्षी घरी बसतो आणि ऐंशी ओलांडलेली माणसे आता प्रत्येक गल्लीत दिसतात. शिवाय पत्नी बहुधा चार-पाच वर्षांनी लहान असते, म्हणजे तिच्यासाठी हा हिशेब तीस वर्षांपर्यंत जातो. आज घरखर्च महिना 30,000 रुपये असेल आणि महागाई वर्षाला 6 टक्क्यांनी वाढली, तर खर्च साधारण बारा वर्षांत दुप्पट होतो. तुमच्या सत्तराव्या वर्षी त्याच किराण्याला, त्याच विजेला आणि त्याच औषधांना 60,000 रुपये लागतील, आणि ब्याऐंशीव्या वर्षी 1,20,000.

याच्यासमोर पेन्शन ठेवून पाहा. मालक फंडात पगाराच्या 12 टक्के जो वाटा भरतो त्यातले 8.33 टक्के 1995 च्या पेन्शन योजनेत जातात, पण तेही 15,000 रुपये पगाराच्या मर्यादेपर्यंतच, म्हणजे महिना 1,250 रुपये. सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागले की पेन्शन निघते. वीस वर्षे पूर्ण केलेल्यांना या हिशेबात सेवेची दोन वर्षे वाढवून मिळतात. तीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाची सगळी सेवा 15,000 च्या मर्यादेवर धरली तरी पेन्शन 6,857 रुपये होते, आणि ती मर्यादा सप्टेंबर 2014 पासूनची असून त्याआधीची सेवा 6,500 रुपयांच्या मर्यादेवर मोजली जात असल्यामुळे प्रत्यक्षात हाती त्याहून कमी येते. ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. म्हणून घराचा भार मुख्यतः फंड आणि ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेबद्दल मालकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम) यांच्यावरच पडणार आहे.

इथे तरुण मुलेही बसली आहेत, म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठी सांगतो, आणि ती मला फार जिव्हाळ्याची वाटते. कंत्राटावर काम करणारी पोरे दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलला की फंड काढून घेतात. चाळीस हजार मिळतात, मोबाइल किंवा गाडीचा हप्ता भागतो. पंचविसाव्या वर्षी काढलेले हेच 40,000 रुपये खात्यात राहिले असते आणि त्यावर 8 टक्के व्याज मिळत गेले असते, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी ते पाच लाखांच्या पुढे गेले असते. नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि 10-सी क्रमांकाचा अर्ज भरून पेन्शनचे पैसे काढले की तेवढी सेवा पुसली जाते. तीन ठिकाणी चार-चार वर्षे राबलेला माणूस बारा वर्षांनंतरही पेन्शनला अपात्र ठरतो. त्याऐवजी त्याच यूएएन क्रमांकावर, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या फंडाच्या क्रमांकावर, खाते पुढे चालवा, आणि नोकरी सुटलीच तर झालेली सेवा जपून ठेवणारे पेन्शनचे योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

आता निवृत्त होणाऱ्यांकडे वळतो. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये असतील, तर सेवेच्या दर वर्षाला 15,000 रुपये, म्हणजे तीस वर्षांचे साडेचार लाख. ही रक्कम आणि फंड हाती आल्यावर सहा महिने कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. मुलाच्या फ्लॅटसाठी, गावच्या घराच्या स्लॅबसाठी, पुतणीच्या लग्नासाठी मागणारी माणसे परकी नसतात, आणि त्यांना नाही म्हणणे जड जाते, हे मी जाणतो. तरीही मुलाला कर्ज मिळू शकते, तुम्हाला म्हातारपण चालवायला कोणतीही बँक कर्ज देणार नाही, ही गोष्ट घरात बसून मोकळेपणाने बोलायला हवी.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना पोस्टात आणि बँकेत मिळते. तिची मर्यादा 2023 मध्ये 30 लाखांपर्यंत वाढली, आणि एप्रिल 2023 पासून तिचा दर 8.2 टक्के आहे. तीस लाख ठेवले तर दर तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार पडतात. साठीच्या आधी निवृत्त झालेल्यांनाही ती 55 व्या वर्षापासून घेता येते, पण निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. म्हणून मघाशी सांगितलेल्या सहा महिन्यांच्या सबुरीत एवढा एक अपवाद करा. व्याज सगळेच खर्चू नका, त्यातला काही भाग पुन्हा साठवा, कारण मघाचा दुप्पट होणारा खर्च तेव्हाच झेपेल.

पतसंस्थेविषयी बोलणे मला टाळता येत नाही. दोन टक्के जास्त व्याज, ओळखीचा संचालक, घराजवळची शाखा, या तीन कारणांनी आपल्या भागातल्या कितीतरी माणसांनी आयुष्यभराचा पैसा तिथे ठेवला आहे. बँकेतील ठेवीला, सहकारी बँक धरून, फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला तो नाही. संस्था चांगली असेलही, पण बुडाली तर मागे कोणी उभे नाही. निवृत्तीची रक्कम तिथे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजारपणाबद्दल थोडक्यात. कंपनीचा सामूहिक विमा निवृत्तीबरोबर संपतो, म्हणून स्वतःचा विमा त्याच्या काही वर्षे आधीच घ्यावा. ज्यांची ईएसआय (कामगार राज्य विमा) वर्गणी किमान पाच वर्षे भरली गेली आणि जे ईएसआय लागू असलेल्या नोकरीतूनच निवृत्त झाले, त्यांना वर्षाला 120 रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी उपचार चालू ठेवता येतात. हे माहीत नसल्यामुळे हक्क सोडून दिलेली माणसे मी पाहिली आहेत.

शेवटी भगिनींसाठी. माझे वडील गेले तेव्हा आईला त्यांच्या पेन्शनचा क्रमांकसुद्धा ठाऊक नव्हता. तो कागद दोन महिन्यांनी लोखंडी पेटीत, जुन्या साड्यांखाली सापडला, आणि तोवर ती शेजाऱ्यांकडून उसनवारी करत होती. पतीच्या पश्चात पत्नीला पेन्शन मिळते, ती सर्वसाधारणपणे निम्मी असते, पण त्यासाठी तिचे नाव, जन्मतारीख आणि आधारवरील स्पेलिंग फंडाच्या नोंदीशी जुळावे लागते. नोंद तपासायला आणि चूक दुरुस्त करायला नोकरीत असतानाच सोपे जाते, कारण तेव्हा टाइम ऑफिसचा शिक्का हाताशी असतो. या आठवड्यात घरी एक वही करा, तिच्यात यूएएन क्रमांक, पेन्शन क्रमांक, प्रत्येक ठेवीची पावती कुठे आहे आणि वारस म्हणून कोणाचे नाव आहे, हे दोघांनी बसून लिहा, आणि ती वही कुठे ठेवली हे दोघांनाही ठाऊक असू द्या.