राणी कलरवर एक हात होलो

नमस्कार मैत्रिणींनो, आणि मित्रांनो सुद्धा, कारण नेलपेंट लावणारी मुलं आता काही कमी नाहीत. आज बोलायचंय होलोग्राफिक नेलपेंटबद्दल, ते चंदेरी, उन्हात हात नेला की सगळे रंग फेकणारं, आपण त्याला नुसतं होलो म्हणतो ते. आणि ते भडक रंगावर कसं चढवायचं, म्हणजे राणी, शेंदरी, पोपटी असल्या रंगांवर. काळ्यावर लाव असं कोणीही सांगेल, आणि ते खरंच आहे, काळ्यावर इंद्रधनुष्य सगळ्यात ठसठशीत उठतं कारण खालचा काळा उजेड जवळजवळ परत पाठवतच नाही. पण घरात येऊन ट्यूबलाइटखाली बसलं की काळ्यावरच्या होलोची नुसती राखाडी झाक उरते. राणीवर लावलेलं घरात राणीच दिसतं, आणि बाहेर पडलं की पेटतं. रोजच्या वापराला मला विचाराल तर भडक बेसच.

आता हे रंग येतात कुठून ते सांगते, कारण ते कळलं की लावायचं कसं ते आपोआप कळतं. त्या बाटलीत सप्तरंगी असं काहीच नसतं. असतात अॅल्युमिनियमचे अगदी बारीक चपटे कण, आणि प्रत्येक कणावर समांतर खाचा, सीडीच्या मागच्या बाजूला असतात तशा. स्पेक्ट्राफ्लेअर नावाचं पिगमेंट यात फार प्रसिद्ध, त्यात अॅल्युमिनियमवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर असतो आणि कण साधारण 14 ते 35 मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा सुद्धा लहान. त्या खाचांवरून उजेड परत फिरताना प्रत्येक रंग वेगळ्या कोनात जातो. असं जाळीतून रंग फुटणं माणसाला नेलपेंटच्या खूप आधी दिसलं होतं, अमेरिकेत फिलाडेल्फियाला 1785 च्या सुमारास एका गृहस्थांनी रेशमी रुमालातून रस्त्यावरचा दिवा बघितला, त्यांना नवल वाटलं म्हणून त्यांनी डेव्हिड रिटनहाउस या शास्त्रज्ञांना विचारलं, आणि रिटनहाउसनी बारीक केस ओळीने ताणून बसवून तशी जाळी स्वतः करून बघितली. तुम्ही पण आज रात्री पातळ ओढणीतून लांबचा एखादा दिवा बघा, कडेला रंग दिसतील.

उजेड एका बिंदूतून यायला हवा, हे मात्र लक्षात ठेवा. ऊन, एलईडीचा छोटा दिवा, मोबाइलचा टॉर्च, यात होलो नाचतं. आभाळ भरून आलं की उजेड सगळीकडून येतो, सगळे रंग एकमेकांत मिसळतात आणि दिसतं साधं चंदेरी. म्हणून दुकानात बाटली घेताना तिथल्या लाइटवर जाऊ नका, सरळ मोबाइलचा टॉर्च मारा. आणि बाटली उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा. दाट चंदेरी असेल तर ते तुमचा राणी कलर गिळून टाकेल, आपल्याला हवंय ते विरळ, टॉपर म्हणून मिळतं ते.

लावताना आधी बेस कोट, तो चुकवू नका, भडक रंग नखाला पिवळेपणा नाहीतर गुलाबी डाग सोडतात. मग राणीचे दोन पातळ हात, आणि चांगलं वाळू द्या, वरवर नाही, बोट लावून खात्री होईपर्यंत. निऑन असेल तर अजून एक गोष्ट करा. निऑन वाळलं की बरेचदा मॅट होतं, खरखरीत राहतं, आणि खरखरीत जागेवर ते चपटे कण सपाट पडत नाहीत, वेडेवाकडे पडतात, मग इंद्रधनुष्याची रेघ फुटते. त्यावर आधी एक साधा पारदर्शक कोट मारा, तो वाळला की मग होलो. निऑनचा भगभगीतपणा होलोखाली थोडा उतरतोच, कारण कण वरचा उजेड अडवतात, पण रंग राहतो.

होलोचा हात मात्र एकच. ब्रश जरा भरून घ्या, दाबू नका, रंगावर तरंगत नेल्यासारखा न्या, मधे एक, कडेने दोन, झालं. परत त्याच जागी ब्रश फिरवला तर त्यातलं सॉल्व्हंट खालचा रंग मऊ करतं, थर ओढला जातो आणि मधे टक्कल पडतं. दुसरा हात मारायचा मोह होतो, मला माहितेय, पण दुसऱ्या हातात कण दुप्पट होतात आणि राणीचा राखाडी व्हायला लागतो.

आता उन्हात जाऊन बोट हळूहळू वाकवून बघा. मधे पांढरी चमक, तिच्या लगतच जांभळा नि निळा, मग हिरवा, आणि लाल सगळ्यात बाहेर. राणीवर निळा-जांभळा असा काही उठतो की नजर हटत नाही, हिरवा मात्र जरा पांढुरका वाटतो कारण खालचा गुलाबी त्यात मिसळतो. पोपटीवर उलट, तिथे लाल पिवळ्याकडे झुकतो आणि मला ते फार आवडतं, एकदा तरी पोपटीवर करून बघाच. पांढऱ्या बेसच्या वाटेला जाऊ नका, पांढरा इतका उजेड परत देतो की इंद्रधनुष्य त्यात विरून जातं.

टॉप कोट पूर्ण वाळल्यावरच, आणि चकचकीत, मॅट नको, मॅटने उजेड विखुरतो आणि सगळी मेहनत झाकली जाते. काही टॉप कोट होलो मंद करतात, म्हणून आधी एकाच नखावर लावून टॉर्चखाली बघा.

काढायला हे ग्लिटरसारखं त्रासदायक नाही, कण बारीक असल्यामुळे लगेच निघतं. रिमूव्हरचा कापूस नखावर थोडा वेळ दाबून धरा आणि मग एकाच दिशेने बाहेर ओढा. चोळलं तर चंदेरी भुकटी नखाच्या कडेच्या कातडीत बसते, ती हात धुतल्यावर पण चमकत राहते, तिथे जुना मऊ टूथब्रश आणि साबण लावा. आणि अॅसिटोनची बाटली उघडी असताना शेजारी गॅस, दिवा, उदबत्ती काही नको, खिडकी उघडी ठेवूनच बसा.