पुरतंय, पण उरत नाही

(दृश्य: निफाडकडची द्राक्षबाग. मग नाशिकच्या गंगापूर रोडवरचं सीटी स्कॅन सेंटर. पडद्यावर ओळ: कुटुंब कल्पित, हिशोब खरा.)

बाग उभी असतानाच बागायतदार माल सांगतो. चार-दोन ओळींतले घड मोजायचे, एका घडाचं वजन धरायचं, झाडांनी गुणायचं. चुकलं तर पुढच्या हंगामात भरून काढू, म्हणायचं.

आज तोच बागायतदार सीटीच्या दाराबाहेर बसलाय. लिव्हर पार गेलंय त्याचं. आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला निघालेली बायको आत टेबलावर आहे.

(दृश्य: टेबल आत सरकतं.)

शिरेतून औषध जातं, अंगभर ऊब पसरते. "श्वास घ्या... रोखून धरा." आधी धमन्या उजळतात, मग पोर्टल व्हेन, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर, मग लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा. म्हणून स्कॅन फेऱ्याफेऱ्यांनी होतो.

(दृश्य: मॉनिटर. माऊसची पिवळी रेघ.)

पोटाच्या चकत्या, काकडीच्या असाव्यात तशा. प्रत्येक चकतीवर लिव्हरची कड गिरवायची. पित्ताशय बाहेर, मोठ्या रक्तवाहिन्या बाहेर. क्षेत्रफळ गुणिले जाडी, सगळ्यांची बेरीज. हल्ली सॉफ्टवेअर स्वतःच गिरवतं, पण लिव्हर जठराला खेटून असतं तिथे कधीकधी घसरतं. मग डॉक्टर हातानं रेघ सुधारतात.

कापायची रेघ जाते मिडल हिपॅटिक व्हेनच्या, म्हणजे लिव्हरच्या मधल्या शिरेच्या कडेनं. एक मिलिलिटर म्हणजे साधारण एक ग्रॅम. पण जिवंत लिव्हर रक्तानं भरलेलं असतं. काढून धुतलं की हलकं होतं. म्हणून काटा बहुधा पडद्यापेक्षा कमीच दाखवतो.

आता हिशोब. घेणाऱ्याचं वजन ७० किलो. त्याच्या ०.८ टक्के, म्हणजे ५६० ग्रॅम तरी लिव्हर हवं. तुकडा लहान पडला, तर पोर्टल व्हेनचं रक्त त्याला झेपत नाही. कावीळ उतरत नाही, पोटात पाणी साठत राहतं.

बाईंचं लिव्हर १,०२० मिलिलिटर. उजवा भाग ७३५. दहा टक्के वजा केले तरी पुरतंय!

डॉक्टर मात्र दुसऱ्याच आकड्याकडे बघताहेत. बाईंकडे उरतात २८५, म्हणजे २८ टक्के. किमान ३० लागतात. कित्येक टीम ३५ च्या खाली जातच नाहीत. लिव्हर पुन्हा वाढतं हे खरं, पण ऑपरेशननंतरचे पहिले दिवस आहे तेवढ्यावरच काढायचे असतात. बरं, डावा भाग द्यावा, तर २८५ नवऱ्याला पुरत नाही.

(दृश्य: डॉक्टरांची खोली.)

"पण मी तयार आहे ना, डॉक्टर."

"तुम्ही तयार आहात हो, काकू. तुमच्याकडे उरत नाही."

(दृश्य: चार दिवसांनी, तोच बाक.)

रक्तगट जुळलाय, वय २४. आज मुलाचा स्कॅन. त्याचं लिव्हर प्लीहेपेक्षा काळपट दिसलं, तर चरबीची शंका. मग नुसतं माप पुरेसं असून भागत नाही.

नाव पुकारलं जातं. घड्याळ आणि कमरेचा पट्टा आईच्या हातात देऊन तो आत जातो.