पुण्याई कुणाची?

(सशस्त्र सेना ध्वजदिनानिमित्त महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार. सरांनी मला विषय दिला, 'सैनिक कुटुंबातली श्रद्धा आणि कृतज्ञता'. हे दोन्ही शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. श्रद्धेला आमच्याकडं 'देवाचं' म्हणतात आणि कृतज्ञतेला 'फेडायचं राहिलंय' म्हणतात. तेव्हा मी त्याच भाषेत बोलते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यापासून फार लांब नाही. 'अपशिंगे मिलिटरी' ही पाटी तुम्ही वाचली असेल. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांच्या स्मरणाचा स्तंभ गावात उभा आहे. आमच्या पट्ट्यात पुष्कळ घरांतून आजही कुणी ना कुणी फौजेत असतं. पोरगं दहावी झालं की पहाटे डांबरीवर पळायला लागतं, भरती झालं की बेळगावला मराठा सेंटरला जातं, आणि मग घरात देवापुढं एक नवीन नाव घ्यायला लागतं.

मी १९९४ ला लग्न होऊन आले. तेव्हा मोबाइल नव्हते. पत्रावर पलटणीचं नाव आणि खाली '५६ एपीओ', म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस, एवढाच पत्ता. माणूस कुठल्या डोंगरावर आहे ते त्यावरून कळायचं नाही. पोस्टमनची सायकल आळीत वळली की छातीत धडधडायचं, कारण त्याच्याच पिशवीत पत्र असायचं आणि त्याच्याच पिशवीत तारही असायची. २०१३ च्या जुलैत तार कायमची बंद झाली. पेपरात लोकांनी हळहळून लिहिलं होतं. आमच्या आळीत कुणी हळहळलं नाही.

रजा संपायच्या आदल्या रात्री आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ह्यांच्या बनियनला आतून एक लाल कापडाची पुडी शिवायच्या. तिच्यात भैरोबाचा अंगारा. ह्यांनी कधी नको म्हटलं नाही. एकदा हे दहा महिन्यांनी घरी आले. मी धुवायला कपडे काढले तर पुडी तशीच होती, पण चपटी. उसवून पाहिली. धुऊन धुऊन आत काही उरलंच नव्हतं, नुसतं फिकट गुलाबी झालेलं कापड. मला कसंतरी झालं. एवढे दिवस माणूस रिकामी पुडी घेऊन हिंडत होता! आत्याबाईंना दाखवली. त्यांनी ती तळहातावर घेतली, बोटानं दाबून बघितली आणि म्हणाल्या, "संपला म्हणजे कामी आला."

पुढं ह्यांची पलटण सियाचिनला होती. १९८४ पासून तिथं आपली फौज आहे, आणि गोळीपेक्षा थंडीनं आणि हिमकड्यांनीच जास्त माणसं नेली. तिथं खाली ओपी बाबांचं मंदिर आहे. हे बाबा म्हणजे एक जवानच, तो अजून सगळ्यांची राखण करतो अशी तिथल्यांची श्रद्धा. वर चढण्याआधी तुकडीनं तिथं जाऊन रिपोर्ट द्यायचा, निघालो म्हणून. उतरल्यावर परत द्यायचा, आलो म्हणून. मागायचं काही नाही, नुसता रिपोर्ट. मी ह्यांना विचारलं, खरंच बाबा वाचवतात का हो? हे म्हणाले, "वाचवतात का ते मला ठाऊक नाही. पण आपण निघालोय हे कुणाला तरी सांगितलेलं असतं." पलटणीच्या मंदिर परेडबद्दलही हे असंच सांगायचे. साहेब कुठल्याही धर्माचा असो, जवानांचा जो देव त्याच्यापुढं तो त्यांच्याबरोबर उभा राहतो. उद्या त्याच माणसांना घेऊन पुढं जायचं असतं.

आता १९९९ चं सांगते. आमच्या आळीत एक बाई आहे. तिला विचारूनच मी हे बोलते आहे, नाव मात्र घेणार नाही. तिचे मालक आणि आमचे हे एकाच भरतीचे, पलटणी वेगळ्या. त्या उन्हाळ्यात दोघंही काश्मीरात. द्रास, तोलोलिंग, टायगर हिल ही नावं आम्ही दोघी माझ्या घरच्या टीव्हीसमोर बसून शिकलो. दर रविवारी आम्ही अनवाणी भैरोबाला जायचो. एक नारळ ती फोडायची, एक मी. नवसही एकच बोललो होतो: मालक सुखरूप आले की यात्रेत छबिन्यापुढं दंडवत घालीन.

२६ जुलैला लढाई संपल्याचं सांगितलं. सगळ्यांनी श्वास सोडला. आणि ऑगस्टमध्ये तिचे मालक एका चकमकीत गेले. पूर्वी, ६५ ला, ७१ ला, बहुतेकांचे अंत्यविधी तिकडंच व्हायचे, घरी तार यायची आणि मागाहून काळी ट्रंक. कारगिलपासून माणूस तिरंग्यात घरी यायला लागला. सातारा रस्त्यापासून गावापर्यंत दोन्ही बाजूंनी लोक उभे होते. मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले होते, कारण तिला मागं टेकायला काही नव्हतं.

नोव्हेंबरात आमचे हे रजेवर आले. बायका हळदी-कुंकवाला म्हणून आल्या आणि जी ती म्हणायला लागली, "तुझी पुण्याई थोर गं, कुंकू राखलंस." मायेनंच म्हणत होत्या, मला ते कळत होतं. पण आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक भिंत आहे, सामाईक. माझी पुण्याई थोर, म्हणजे भिंतीपलीकडची कमी पडली का? तोच देव, तेच रविवार, तोच नारळ. मी चुलीपुढं उभी राहिले आणि मला देवाचाच राग आला. माझा माणूस समोर जेवत बसला होता तरी आला. नवस फेडायचा नाही असं मी ठरवलं आणि आत्याबाईंना तसं सांगितलं.

त्या पावटे सोलत होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "७१ ला तुझे मामंजी पूर्वेकडं होते. १६ डिसेंबरला लढाई संपली आणि त्यांचं पत्र आलं जानेवारी सरता सरता. त्या दीड महिन्यात आपल्या शाळूला पाणी कुणी पाजलं, ठाऊक आहे?" मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या वस्तीवरच्या दोघा भावांनी रात्रीची पाळी धरून पाजलं होतं, न सांगता. "देवाचं मी नारळात फेडलं," आत्याबाई म्हणाल्या, "त्यांचं अजून फेडतेय." तेव्हा मला कळलं की दरवर्षी पहिला हुरडा त्या वस्तीवर का जातो. पुण्याई हा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही.

मुलांनो, आज ७ डिसेंबर. १९४९ पासून या दिवशी आपण खिशाला छोटा झेंडा लावतो आणि डब्यात पैसे टाकतो. जरूर टाका, ते पैसे सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या कामी येतात. पण तुमच्या गावात असं घर असेल तर तिथं जाऊन पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढून आणा. त्या माणसाचं नाव घेऊन त्याची आठवण काढा. लोक दुखेल म्हणून नाव टाळतात, आणि घरच्यांना नेमकं तेच जास्त दुखतं. आपल्या साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक, सैनिक स्कूलचेच विद्यार्थी, १७ नोव्हेंबर २०१५ ला काश्मीरात कुपवाड्याला लढताना गेले. २०१७ ला त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. तो सोहळा टीव्हीवर दाखवत होते तेव्हा माझी ती शेजारीण माझ्याजवळ बसली होती. बोलली काही नाही. फक्त म्हणाली, आवाज जरा मोठा कर.

नवसाचं राहिलं. चैत्रात यात्रा आली. छबिन्याची वाट तिच्या दारावरून जाते, दुसरी वाटच नाही. संध्याकाळी तीच माझ्याकडं आली आणि म्हणाली, "तू फेडत नाहीस असं कळलं. माझ्यासाठी थांबत असशील तर थांबू नको. तुझा नवस असा टांगता ठेवून मला तुझ्या मालकांकडं बघवायचं नाही."

मग मी घातले दंडवत. रात्रीची वेळ, पुढं हलगी, मागं पालखी. तिच्या दारापाशी आलो तशी हलगी बंद पडली. हलगीवाल्याला सगळं ठाऊक होतं, त्याचे हातच चालेनात. मी जमिनीवर आडवी, मान वर करायची छाती होईना. तेवढ्यात तिची पावलं दिसली. तिनं तांब्यातलं पाणी माझ्या हातांवर ओतलं. माझ्या कोपरांत खडे रुतले होते, ते एकेक करून पदरानं झाडले. आणि मान वळवून म्हणाली, "थांबलास का रे? वाजव."