क्वीन्सलँडचे न सरकणारे घड्याळ

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू साउथ वेल्स हे राज्य संपून क्वीन्सलँड जिथे सुरू होते, तिथे ट्वीड हेड्स आणि कूलंगाटा ही दोन गावे इतकी चिकटून वसली आहेत की नवख्या माणसाला ती एकच वाटावीत. त्यांच्यामधून जाणाऱ्या बाउंड्री स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर राज्यांची सीमा आहे. हिवाळ्यात तिच्या दोन्ही बाजूंची घड्याळे जुळतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता मात्र दक्षिणेकडची घड्याळे एक तास पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत तशीच राहतात. उत्तरेकडची जागची हलत नाहीत. या सहा महिन्यांत घर एका राज्यात आणि कचेरी दुसऱ्या राज्यात असलेल्या माणसाला डॉक्टरची वेळ घेतानासुद्धा 'कोणत्या बाजूचे साडेचार?' असे विचारावे लागते. जवळच्या गोल्ड कोस्ट विमानतळाची धावपट्टीही या सीमेला ओलांडून जाते. एकतीस डिसेंबरच्या रात्री इथे नव्या वर्षाचे स्वागत दोनदा करता येते, आणि हौशी लोक ते करतातही.

उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सारायचे, म्हणजे पहाटे झोपेत वाया जाणारा उजेड संध्याकाळी कामी येतो, हा डेलाइट सेव्हिंगचा साधा हिशेब आहे. दक्षिण गोलार्धात उन्हाळा ऑक्टोबर ते मार्चमध्ये येतो, म्हणून तिथे हा बदल आपल्या दिवाळीच्या आगेमागे होतो. या कल्पनेचा एक उगमही याच भागातला आहे. न्यूझीलंडमध्ये टपाल खात्यात नोकरी करणारे कीटक-अभ्यासक जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये वेलिंग्टनच्या अभ्यासमंडळापुढे निबंध वाचून घड्याळे दोन तास पुढे करण्याची सूचना मांडली होती. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर किडे गोळा करायला त्यांना उजेड हवा होता. ऑस्ट्रेलियाने दोन्ही महायुद्धांच्या काळात ही पद्धत थोडीथोडी वापरली आणि दोन्ही वेळा युद्ध संपण्याआधीच सोडून दिली. ती परत आणली टास्मानियाने. त्या बेटाची वीज जवळजवळ सर्वस्वी धरणांच्या पाण्यावर अवलंबून होती, १९६७ च्या दुष्काळात जलाशय आटले, आणि विजेची बचत करण्यासाठी घड्याळ पुढे केले गेले. लोकांना ती लांब संध्याकाळ आवडली आणि दुष्काळ सरल्यावरही पद्धत टिकली. १९७१ मध्ये पूर्वेकडच्या व मधल्या बहुतेक राज्यांनी तिचा प्रयोग केला. न्यू साउथ वेल्समध्ये १९७६ च्या सार्वमतात अडुसष्ट टक्क्यांहून अधिक मतदारांनी आणि साउथ ऑस्ट्रेलियात १९८२ मध्ये सत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी तिला होकार दिला. क्वीन्सलँडने मात्र एका उन्हाळ्यानंतर ती टाकून दिली.

घड्याळ कुठे लावायचे हे ठरवण्याचा अधिकार त्या देशात प्रत्येक राज्याकडे असल्यामुळे हिवाळ्यातल्या तीन प्रमाणवेळांच्या मुख्य भूमीवर उन्हाळ्यात पाच होतात. त्यांतून निघणाऱ्या विसंगती गमतीच्या आहेत. ॲडलेड हे शहर ब्रिस्बेनच्या बरेच पश्चिमेला आहे आणि तिथे सूर्य ब्रिस्बेनच्या जवळजवळ तासभर नंतर माथ्यावर येतो. तरीही उन्हाळ्यात ॲडलेडचे घड्याळ ब्रिस्बेनच्या अर्धा तास पुढे असते. क्रिकेटसाठी पहाटेचा गजर लावणाऱ्या मराठी प्रेक्षकाने हा गोंधळ नकळत अनुभवलेला आहे. अजिंक्य रहाणे यांनी डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला शतक काढले ती कसोटी तिथल्या साडेदहाला, म्हणजे आपल्या पहाटे पाचला सुरू झाली होती, तर त्यांच्याच नेतृत्वाखाली जानेवारीत गॅबावर जिंकलेली ब्रिस्बेनची कसोटी तिथल्या दहाला, म्हणजे आपल्या साडेपाचला. स्थानिक घड्याळात आधी सुरू होणारा सामना आपल्याकडे उशिरा सुरू झाला, कारण मेलबर्नचे राज्य व्हिक्टोरिया घड्याळ पुढे करते आणि क्वीन्सलँड करत नाही.

क्वीन्सलँड का करत नाही, या प्रश्नाचे जे उत्तर सिडनी-मेलबर्नमध्ये हसत हसत दिले जाते, ते असे की तिथल्या खेडवळ लोकांना तासभर जास्त उन्हाने खिडक्यांचे पडदे विटतील आणि गाई दूध द्यायच्या थांबतील अशी भीती वाटते. हा विनोद इतकी वर्षे सांगितला गेला आहे की अनेकांना तेच खरे कारण वाटते. तो बाजूला ठेवून नकाशा पाहिला तर वेगळी हकीकत समोर येते.

महाराष्ट्रासारखी साडेपाच राज्ये मावतील एवढे क्वीन्सलँड मोठे आहे, आणि त्याची राजधानी ब्रिस्बेन अगदी आग्नेयेच्या कोपऱ्यात, समुद्राला लागून आहे. संपूर्ण राज्याची प्रमाणवेळ १५० अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ब्रिस्बेन या रेषेच्या पूर्वेला तीन अंश आहे, तर पश्चिमेकडचे माउंट आयझा हे खाणीचे गाव तिच्या साडेदहा अंश पश्चिमेला. त्यामुळे डिसेंबरच्या सर्वांत मोठ्या दिवशी ब्रिस्बेनमध्ये पहाटे पाचच्या आतच सूर्य वर येतो आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास मावळतो. माउंट आयझामध्ये तोच सूर्य सहाला उगवतो आणि सात वाजून वीस मिनिटांनी मावळतो. ब्रिस्बेनमध्ये खरा मध्यान्ह बाराला पंधरा मिनिटे कमी असताना होतो. माउंट आयझात तो बारा चाळीसला. आता ब्रिस्बेनचे घड्याळ एक तास पुढे केले, तर तिथला मध्यान्ह पाऊण वाजता येईल, म्हणजे माउंट आयझात तो आज जेव्हा येतो जवळपास तेव्हाच. थोडक्यात, ब्रिस्बेन जे मागत आहे ते माउंट आयझाला केवळ भूगोलामुळे बाराही महिने मिळालेले आहे. त्यावर आणखी एक तास चढवला तर तिथला मध्यान्ह एक चाळीसला जाईल, आणि तीनच्या सुमारास शाळा सुटेल तेव्हा सूर्य माथ्यावरून कलून जेमतेम ऐंशी मिनिटे झालेली असतील. पारा अडतीस-चाळीस अंशांवर असताना, बसमधून उतरून फाट्यापासून घरापर्यंत चालणाऱ्या मुलांच्या आईबापांना हा तास नको असेल, तर त्याला मागासलेपणा म्हणणे अवघड आहे.

उत्तरेची तक्रार वेगळी आहे. मकरवृत्त रॉकहॅम्पटन शहरावरून जाते आणि त्याच्या वरचे सारे क्वीन्सलँड उष्णकटिबंधात येते. विषुववृत्ताकडे जावे तसतसा उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला दिवस सारखा होत जातो, त्यामुळे वाचवण्याजोगा जादा उजेडच उरत नाही. टास्मानियाच्या होबार्टमध्ये उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस सव्वापंधरा तासांहून मोठा असतो. ब्रिस्बेनमध्ये तो चौदा तासांना थोडा कमी, आणि केर्न्समध्ये सुमारे तेरा तास दहा मिनिटे. केर्न्सच्या माणसाला लांब संध्याकाळचे आकर्षण फारसे नसते, कारण तिथे दिवसभराच्या दमट उकाड्यानंतर सूर्य मावळण्याचीच वाट पाहिली जाते. सूर्यास्त पावणेआठपर्यंत लांबवणे म्हणजे उकाडा लांबवणे, आणि उजेडात मुलांना झोपवण्याचा खटाटोप पदरात पाडून घेणे.

आग्नेय कोपऱ्याचे म्हणणेही तितकेच खरे आहे. पहाटे साडेचारला खिडकीत लख्ख उजेड येतो, पाखरे त्याच्याही आधी ओरडू लागतात, आणि संध्याकाळी कचेरीतून सुटून मुलांना मैदानावर नेईपर्यंत अंधारून येते. शिवाय व्यापार सिडनी-मेलबर्नशी चालतो. उन्हाळ्यात सिडनीचा शेअर बाजार दहाला उघडतो तेव्हा ब्रिस्बेनमध्ये नऊ वाजलेले असतात, आणि ब्रिस्बेनमध्ये चारनंतर फोन केला तर पलीकडचा माणूस पाचला घरी निघून गेलेला असतो. सीमेवरच्या गोल्ड कोस्टला तर हा त्रास रोजचाच आहे.

मुख्यमंत्री जो ब्येल्के-पीटरसन यांची एकोणीस वर्षांची कारकीर्द १९८७ मध्ये संपली. ते या कल्पनेचे कट्टर विरोधक होते, आणि ते गेल्यावरच १९८९ पासून तीन उन्हाळ्यांचा प्रयोग होऊ शकला. त्यानंतर २२ फेब्रुवारी १९९२ रोजी वेन गॉस यांच्या सरकारने सार्वमत घेतले. साडेचोपन्न टक्के मते नकाराची पडली. मतदारसंघांच्या नकाशावर ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्टच्या परिसरात होकार दाटलेला होता, आणि उत्तरेकडे व पश्चिमेकडे जावे तसा नकार प्रचंड होत गेला. मात्र ही केवळ शहर विरुद्ध खेडे अशी लढाई नव्हती. राज्याची बहुसंख्या तेव्हाही आग्नेय कोपऱ्यातच राहत होती, त्यामुळे तिथल्या लक्षणीय मतदारांनी साथ दिल्याशिवाय नकार जिंकणे गणितानेच शक्य नव्हते. पहाटेच उठून काम उरकणाऱ्या, उन्हाला कंटाळलेल्या शहरी माणसांचाही त्यात वाटा होता. घड्याळाविषयीचे मत माणसाच्या पत्त्यावरून बरेचसे ओळखता येते, पण पूर्णपणे नाही.

तेव्हापासून दर काही वर्षांनी वाद नव्याने उफाळतो. सबंध राज्य बदलायचे नसेल तर फक्त आग्नेय कोपऱ्याचे घड्याळ पुढे करावे, असा प्रस्ताव घेऊन २००८ मध्ये एक स्वतंत्र पक्षच निघाला. २०१० मध्ये अपक्ष आमदार पीटर वेलिंग्टन यांनी याच कल्पनेवर सार्वमत घेण्याचे विधेयक मांडले, आणि मुख्यमंत्री ॲना ब्लाय यांच्या सरकारने लोकांची मते मागवली. चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली, त्यांतल्या सुमारे चौसष्ट टक्क्यांनी प्रयोगाच्या बाजूने कौल दिला, तरीही ग्रामीण भागाचा विरोध तीव्र असल्याचे सांगून सरकारने विधेयकाला पाठिंबा नाकारला. राजकीय हिशेब समजण्यासारखा आहे. ज्यांना घड्याळ पुढे हवे आहे त्यांच्यासाठी ती एक सोय आहे, आणि सोय मिळाली नाही म्हणून कोणी सहसा आपले मत फिरवत नाही. ज्यांना ते नको आहे त्यांच्यासाठी मात्र तो ब्रिस्बेनने लादलेला आणखी एक निर्णय ठरतो, आणि त्याचा राग मतपेटीपर्यंत टिकतो. राज्यातल्या राज्यात दोन वेळा करण्याचा उपाय कागदावर सुबक दिसतो, पण त्याने ट्वीड हेड्सचा घोळ नाहीसा होत नाही, फक्त काही शे किलोमीटर आत सरकतो.

देशाच्या दुसऱ्या टोकाला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने हाच प्रश्न चार वेळा मतदारांपुढे ठेवला आहे: १९७५, १९८४, १९९२ आणि २००९ मध्ये. चारही वेळा नकार आला, आणि दरवेळी तो त्रेपन्न ते पंचावन्न टक्क्यांच्या दरम्यान होता. शेवटच्या खेपेस तर डिसेंबर २००६ पासून सलग तीन उन्हाळे अनुभव घेऊन लोकांनी मत दिले. पर्थ हे शहरच आपल्या प्रमाणरेषेच्या पश्चिमेला आहे, तिथला मध्यान्ह आधीच सव्वाबाराला येतो, आणि उन्हाळ्यात सूर्य सातनंतर मावळतो. गव्हाच्या पट्ट्यातला शेतकरी कापणीच्या दिवसांत कणसातला ओलावा उतरेपर्यंत यंत्र चालवू शकत नाही. ओलावा उन्हाप्रमाणे उतरतो आणि धान्य घेणारे कोठार घड्याळाप्रमाणे बंद होते, त्यामुळे पुढे सरकलेला तास त्याच्या कामाच्या वेळेतून कापला जातो. गाईंच्या विनोदामागेही असेच काहीसे आहे. गाईला घड्याळ कळत नाही हे खरेच, पण दूध न्यायला येणारा टँकर घड्याळावर चालतो, आणि धार काढणाऱ्याला त्याच्यासाठी तासभर आधी अंधारात उठावे लागते.

ब्रिस्बेनला २०३२ चे ऑलिंपिक मिळाल्यावर घड्याळाची मागणी पुन्हा ऐकू आली, जरी त्या स्पर्धा जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात होणार असल्या आणि त्या दिवसांत सिडनी-ब्रिस्बेनची वेळ एकच असणार असली तरी. दरम्यान, कायद्याने जे मिळाले नाही ते आग्नेय क्वीन्सलँडच्या लोकांनी दिवसच अलीकडे ओढून बरेचसे मिळवले आहे. समुद्रकिनारे पहाटे पाचला माणसांनी भरलेले असतात आणि कॅफे त्याच सुमारास उघडतात. इमारतींच्या कामाचा आवाज न्यू साउथ वेल्समध्ये सकाळी सातपासून करता येतो. क्वीन्सलँडच्या नियमात साडेसहापासूनच मुभा आहे. दर शनिवारी सकाळी होणाऱ्या पार्करन या पाच किलोमीटरच्या मोफत धावण्याचा आरंभ न्यू साउथ वेल्समध्ये आठला होतो आणि क्वीन्सलँडमध्ये सातला, त्यामुळे उन्हाळ्यात दोन्ही राज्यांतले धावपटू एकाच क्षणी धावू लागतात आणि हिवाळ्यात क्वीन्सलँडचे धावपटू तासभर आधी सुटतात.