कणकेची पाळी

[दृश्य: सकाळ. कुलूप लागलेल्या घरांची ओळ]

बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यातलं हे गाव. दिवाळी सरली की दारांना कुलपं दिसू लागतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेला एकेक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर थेट कर्नाटकात ऊस तोडायला गेलेला असतो. पाडव्याच्या आगंमागं परततील. गावात उरतात म्हातारी माणसं अन् शाळेतली नातवंडं.

[दृश्य: देऊळ. पखवाजावर हात, जवळून]

हरिपाठाला अजून अर्धा तास आहे. या हातांकडं बघा. ही गव्हाची कणीक. पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे कातड्यावर, ती थापायची. सैल झाली तर ओघळते, जास्त झाली तर आवाज बसतो. बोटानं थोडी काढायची, थाप मारायची, कान द्यायचा, परत थोडी लावायची. मग हातोडीनं बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून उजवी पुडी सुरात आणायची. बुवांना घाई नाही.

कणीक रोज नव्या घरची. पाळी ठरलेली. मूठभर पीठ मळायला असं कितीसं लागतं! पण संध्याकाळचे सहा वाजून गेले अन् कणीक आली नाही, तर एखाद्या लेकराला त्या घरी पिटाळलं जातं. आजी झोपली का, ताप आलाय का, की पीठच संपलंय, ते तेव्हाच कळतं. शहरात म्हाताऱ्यांसाठी विरंगुळा केंद्रं असतात, तिथं हजेरीपट असेल. इथं ही कणीक.

[दृश्य: टाळ, पावली]

दोन ओळी. एक पाय पुढं, एक मागं. दिवसभर गुडघ्याला तेल चोळणाऱ्या याच आजी, बरं का.

[दृश्य: एसटीत चढणाऱ्या आज्या]

फाल्गुनात नाथषष्ठीला पैठण. ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी पार केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट. मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धं. आधार कार्ड कॅरीबॅगमध्ये, कॅरीबॅग पदराच्या गाठीत. कंडक्टर गाठ सुटायची वाट बघतोय.

दवाखाना मात्र तालुक्याला. रात्री गाडी मिळणं नशिबावर.

[दृश्य: देऊळ, रात्र]

हरिपाठ संपला. बुवा कणीक खरवडून काढतात, पुडी कोरडी पुसतात. टाळ खुंटीला. अन् ओट्यावरून उतरता उतरता कुणीतरी विचारतं, उद्याची पाळी कुणाची?