पडद्यावरची कमान

नमस्कार मंडळी, सकाळी सकाळी गळ घेऊन तलावाकडे निघणाऱ्या सगळ्या नागपूरकरांसाठी आजचं बोलणं. फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा दाखवणारं यंत्र, नवीन घेतला की वाटतं स्क्रीनवर पाण्याखालचा फोटोच दिसतोय, मलाही वाटायचं, पण तसं नाहीये भाऊ.

होडीच्या मागे पाण्यात बुडलेला ट्रान्सड्युसर असतो, त्यातला क्रिस्टल विजेवर थरथरतो, नेहमीच्या 200 किलोहर्ट्झच्या सेटिंगवर सेकंदाला 2 लाख वेळा, म्हणून तो आवाज आपल्या कानाला कळतच नाही. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला 1480 मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे साडेसात मीटरवरच्या तळाला आपटून परत यायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, बघा! आणि माशाचा पत्ता सांगते ती मुख्यतः त्याच्या पोटातली हवेची पिशवी, कारण आवाज हवेवर आपटून परत येतो, मांस तर जवळपास पाण्यासारखंच.

रामटेकजवळ खिंडसीला एकदा होडी थांबवून बसलो होतो, मच्छीमार सोसायटीला विचारूनच बरं का, ते आधी विचारायचंच. सहा मीटरवर एक रेघ उमटली आणि लांबत लांबत अख्ख्या स्क्रीनभर गेली, मला वाटलं केवढा हा कतला! तो फक्त एका जागी उभा होता. स्क्रीनची उजवी कड म्हणजे आत्ता, डावीकडचं सगळं होऊन गेलेलं, त्यामुळे मासा जितका वेळ खाली थांबेल तितकी रेघ लांब. आकाराचा अंदाज घ्यायचा तर लांबी सोडा, जाडी बघा.

होडी चालू असताना रेघेऐवजी कमान का दिसते तेही यातच आलं, आवाज खाली शंकूसारखा पसरत जातो, मासा त्या शंकूत कडेने शिरतो तेव्हा थोडा लांब असतो, बरोबर खाली आला की सगळ्यात जवळ, मग परत लांब. 20 अंशाचा शंकू सहा मीटरवर जेमतेम दोन मीटर रुंद होतो, आपण त्या दोन मीटरचंच बघत असतो.

म्हणून मरळीसाठी हे यंत्र घेऊ नका असं मी स्पष्ट सांगतो. ती काठाच्या गवतात हात-दीड हात पाण्यात, तिथे शंकू वीतभरच. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं, काठावर गप बसा, पाण्यावर एक छोटासा बुडबुडा फुटेल, तिथे नजर ठेवा.